वजन उतरविताना पूरके द्यावीत काय?

स्थौल्याची चिकित्सा मागणारा रुग्ण हल्ली दवाखान्यात रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्या पिशवीत एखादा डबा, एखादी बाटली अगोदरपासूनच असते आणि नाडी दाखविण्यापूर्वी तो ती टेबलावर ठेवतो. "वजन कमी करायला घेतले आहे, याच्यासोबत हे चालू ठेवू का?" हा त्याचा पहिला प्रश्न. मनोरीसारख्या खाडीपलीकडच्या गावातही आता याला अपवाद राहिलेला नाही. मार्वेच्या बोटीने मालाडला कामाला जाणारा तरुण तेथील व्यायामशाळेतून प्रोटीन पावडरचा डबा आणतो, लग्न ठरलेली मुलगी मैत्रिणीकडून हिरव्या चहाच्या गोळ्या आणते, आणि साठीच्या आजींच्या पदराला मुलाने परदेशातून पाठविलेली मल्टिव्हिटॅमिनची बाटली बांधलेली असते. तिघांचा प्रश्न एकच दिसतो, पण उत्तर एक असू शकत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातील बहुतेक गोंधळ येथूनच सुरू होतो.

वास्तविक 'वजन उतरविताना पूरक घ्यावे काय' या एका वाक्यात दोन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. पहिला प्रश्न असा की, ज्याच्या सेवनाने वजन उतरेल असे पूरक आहे काय? दुसरा असा की, आहार कमी केल्यामुळे शरीरात जी उणीव पडेल ती भरून काढण्यासाठी पूरक लागेल काय? पहिला प्रश्न कर्शनाचा आहे, दुसरा पोषणाचा. दुकानाच्या फळीवर मात्र दोन्हींचे डबे शेजारी शेजारी मांडलेले असतात, दोन्हींवर पान, फूल आणि बारीक कमरेचे चित्र असते आणि विकणाराही त्यांत भेद करीत नाही. आपण वैद्यांनी तो केला पाहिजे.

प्रथम पहिल्या प्रकाराकडे वळू, कारण पैसा तेथे अधिक आहे आणि अपायही तेथेच अधिक आहे.

आपल्या कोकणी स्वयंपाकघरातील आमसुलाची गोष्ट यासाठी फार उद्बोधक आहे. कोकम आणि त्याचे दक्षिणेकडील भावंड, ज्याला केरळात कुडमपुळी म्हणून माशाच्या कालवणात घालतात, या दोहोंच्या सालीत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल असते. प्रयोगशाळेत हे आम्ल मेद तयार करणाऱ्या एका विकराला अडविते असे दिसले आणि तेवढ्या आधारावर विसाव्या शतकाच्या अखेरीस या दक्षिणी फळाचा अर्क 'गार्सिनिया' या नावाने जगभर विकला जाऊ लागला. १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात या अर्काची चाचणी प्रसिद्ध झाली. १३५ स्थूल व्यक्तींना बारा आठवडे, काहींना रोज १५०० मिलीग्रॅम आम्ल मिळेल इतका अर्क आणि काहींना निव्वळ भासऔषध देण्यात आले. वजनात अगर मेदाच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक पडला नाही. या निष्कर्षानंतर हा व्यापार थांबावयास हवा होता, तो वाढला. पुढे २००९ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'हायड्रॉक्सीकट' या तेथील लोकप्रिय उत्पादनमालेविरुद्ध इशारा दिला, कारण यकृतविकारासह गंभीर अपायाच्या २३ तक्रारी त्यांच्याकडे नोंदल्या गेल्या होत्या आणि त्यांतील एका व्यक्तीचा मृत्यू झाला होता. सोलकढीत पिढ्यानुपिढ्या निरुपद्रवी असलेले फळ घनीकृत अर्काच्या रूपाने, इतर दहा द्रव्यांच्या संगतीने आणि रोज तीन वेळा पोटात गेल्यावर तसेच निरुपद्रवी राहील असे गृहीत धरता येत नाही, हा त्यातील बोध आहे. मात्रा आणि संस्कार बदलला की द्रव्य बदलते, हे तर आपल्याच शास्त्राचे म्हणणे आहे.

हिरव्या चहाचेही तसेच. कपात उकळून घेतलेला चहा निराळा आणि त्याचा अर्क भरलेली कॅप्सूल निराळी. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली या अर्कातील मुख्य घटक दररोज ८०० मिलीग्रॅम वा त्याहून अधिक पोटात गेल्यास यकृताची विकरे रक्तात वाढू शकतात असे मत दिले. एफेड्रा, जिला आपण सोम म्हणून तमकश्वासात ओळखतो, ती वजन उतरविण्यासाठी पूरक म्हणून विकली जात असे. हृदयविकार व पक्षाघाताच्या घटनांनंतर अमेरिकेने २००४ मध्ये तिच्या पूरकांवर बंदी घातली. सिब्युट्रामिन हे तर उघड आधुनिक औषधच. ते भारतात २०११ साली बंद झाले. परंतु बंद झालेले हे रसायन निरनिराळ्या देशांच्या तपासणी यंत्रणांना 'संपूर्ण वनौषधी' म्हणविणाऱ्या वजन-घट गोळ्यांत पुन्हा पुन्हा सापडले आहे. एखाद्या 'आयुर्वेदिक' पुडीने आठ दिवसांत भूक मरते, छाती धडधडते आणि झोप उडते असे रुग्ण सांगू लागला, तर वैद्याने त्या पुडीचे कौतुक करण्याऐवजी तिच्याविषयी संशय धरावा.

येथवर वाचताना आपल्यापैकी काहींना समाधान वाटेल की ही सारी पाश्चात्त्य बाजाराची कर्मकथा आहे, आपली गुग्गुळ, आपली त्रिफळा, आपली आरोग्यवर्धिनी यांना हे लागू नाही. तसे समजणे योग्य ठरणार नाही. गुग्गुळाचाच इतिहास पाहू. डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी सुश्रुतोक्त मेदोरोगाच्या वर्णनावरून प्रेरणा घेऊन बनारस हिंदू विश्वविद्यालयात गुग्गुळावर संशोधन केले आणि १९६६ साली आपला प्रबंध सादर केला. भारतीय वैद्यकाच्या एका श्लोकातून आधुनिक औषधशास्त्रापर्यंत पोहोचलेला तो एक मानाचा मार्ग आहे. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधि संशोधन संस्थेने त्यापासून गुग्गुलिपिड विकसित केले व १९८० च्या दशकात ते बाजारात आले. भारतातील चाचण्या अनुकूल होत्या. परंतु २००३ साली अमेरिकेत १०३ व्यक्तींवर आठ आठवड्यांची जी नियंत्रित चाचणी झाली, तीत गुग्गुलिपिड घेणाऱ्यांचे घातक समजले जाणारे एल.डी.एल. कोलेस्टेरॉल ४ ते ५ टक्क्यांनी वाढले, भासऔषध घेणाऱ्यांचे ५ टक्क्यांनी घटले आणि गुग्गुलिपिड घेणाऱ्या सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले.

यावर आपल्या सभांमधून ठरलेले उत्तर दिले जाते: तो अर्क होता, शोधित गुग्गुळ नव्हता, निदान पाहिले नव्हते, प्रकृती पाहिली नव्हती, पथ्य नव्हते. हे उत्तर बहुतांशी बरोबर आहे. परंतु जो वैद्य हे उत्तर देतो, त्याच्याच दवाखान्यातून जर प्रकृती न पाहता, पथ्य न सांगता, सरसकट 'मेदोहर संच' म्हणून तीन डब्या दिल्या जात असतील, तर त्या उत्तराचा अधिकार त्याला उरतो काय? परदेशी चाचणीतील दोष तोच आपल्या काऊंटरवरील दोष आहे.

अनुकूल पुरावाही आहे आणि तो आपल्या घरचा आहे. परांजपे, पत्की व पटवर्धन यांनी केलेली स्थौल्यावरील चाचणी १९९० साली 'जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी'त प्रसिद्ध झाली. ७० स्थूल व्यक्तींची चार गटांत विभागणी करून तीन महिने औषधे देण्यात आली. एका गटाला भासऔषध होते. त्रिफळा गुग्गुळासह दिलेल्या औषधयोगांच्या गटांत वजन, कंबर व नितंबाचा घेर, त्वचेखालील मेदाची जाडी यांत भासऔषधाच्या तुलनेने लक्षणीय घट झाली आणि दुष्परिणाम आढळले नाहीत. हे काम अभिमानाने सांगावे असे आहे. पण ७० माणसे चार गटांत वाटली की एका गटात कितीशी उरतात, हेही आपणच सांगितले पाहिजे. ज्या शास्त्राच्या पदवीधरांची संख्या महाराष्ट्रात एवढी मोठी आहे, त्याने या चाचणीचा हवाला इतकी वर्षे द्यावा आणि तशीच चाचणी शेकडो रुग्णांवर करून पाहण्याचा आग्रह मात्र धरू नये, याचे वैषम्य वाटते.

गुळवेलीचा प्रसंग तर ताजा आहे. कोविडच्या साथीत लोकांनी गुळवेल स्वतःच्या मनाने, महिनोन्महिने घेतली आणि २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी अशा सहा रुग्णांच्या यकृतास झालेल्या अपायाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख नीट पटविलेली नाही, सदृश दिसणारी दुसरी जाती असू शकते, असा आक्षेप घेतला. आक्षेप रास्त होता. पण रुग्णाच्या दृष्टीने पाहता, वेल खरी असो वा तोतया, कावीळ त्यालाच झाली. गुडूची हे चरकांच्या स्थौल्यचिकित्सेतील द्रव्य असल्याने वजन उतरविण्याच्या बहुतेक काढ्यांत ती असतेच, म्हणून हा प्रसंग येथे सांगितला. रानातील गुग्गुळ-वृक्ष आज अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला आहे. जे दुर्मीळ होते त्यात भेसळ वाढते, हेही औषधविक्रेत्यांना वेगळे सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट, जी आश्चर्य वाटावे इतक्या कमी जणांना ठाऊक असते. औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ याच्या परिशिष्टात ज्या विकारांच्या उपचाराची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्यांत स्थूलतेचा समावेश आहे. 'तीस दिवसांत दहा किलो' असा फलक दवाखान्याबाहेर लावणारा केवळ अतिशयोक्ती करीत नाही, तो कायद्याचा भंग करीत असतो.

तेव्हा वजन उतरविणारे पूरक या पहिल्या प्रश्नाला लेखकाचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. औषध द्यावयाचे तर ते औषध म्हणून द्यावे: निदान करून, मात्रा, अनुपान व काल ठरवून, यकृत-वृक्कांची स्थिती पाहून आणि थांबविण्याची तारीख लिहून. पूरक म्हणून, डब्यावर, ज्याला हवे त्याला, असे मेदोहर द्रव्य देऊ नये.

आता दुसरा प्रश्न. येथे मात्र आपल्या वर्गात उलट बाजूची चूक होते. 'गोळ्यांतील जीवनसत्त्वे आमच्या शास्त्रात नाहीत' असे म्हणून तो प्रश्नच उडवून लावण्याची पद्धत आहे. अष्टौनिन्दितीय अध्याय ज्यांनी मन लावून वाचला त्यांना ती मान्य होऊ नये. अतिस्थूलाच्या आठ दोषांत चरकाचार्यांनी दौर्बल्य आणि आयुष्याचा ऱ्हास यांची गणना केली, आणि त्याचे कारण असे दिले की स्थूल शरीरात मेदच तेवढा वाढत राहतो, इतर धातूंचे पोषण तसे होत नाही. मोठ्या देहात उपाशी धातू, अशी ही कल्पना आहे. आजचे शास्त्र निराळ्या भाषेत त्याच ठिकाणी येऊन पोहोचते: स्थूल व्यक्तींच्या रक्तात 'ड' जीवनसत्त्व कमी आढळते, आणि मेदासोबत येणाऱ्या सूक्ष्म दाहामुळे आतड्यातून लोहाचे शोषण मंदावते. जो आधीच अशा रीतीने कुपोषित आहे, त्याचे अन्न आणखी कमी केले तर काय होणार?

म्हणूनच स्थूलासाठी आचार्यांनी नुसते लंघन सांगितले नाही. पचावयास जड परंतु संतर्पण न करणारे, असा आहार सांगितला. जव, कुळीथ, मूग, तूर, सावा, कोद्रव, पडवळ, आवळा ही त्या अध्यायातील यादी पाहिली तर पोट भरावे, भूक भडकलेली असताना अग्नीला काम मिळावे आणि मेद मात्र वाढू नये, ही दृष्टी लक्षात येते. उपासमार करून दुर्बल झालेला रुग्ण चौथ्या आठवड्यात पथ्य मोडतो आणि दुप्पट खातो, हा अनुभव कोणत्या वैद्याला नाही?

आकडे थोडक्यात देतो, कारण ते रुग्णाला समजावताना उपयोगी पडतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने, १००० मिलीग्रॅम कॅल्शियम, आणि प्रौढ स्त्रीला २९ मिलीग्रॅम लोह लागते. बैठे काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीची रोजची ऊर्जेची गरज सुमारे १६६० कॅलरी धरली आहे. तीच स्त्री १२०० कॅलरींच्या खाली उतरली की कितीही विचारपूर्वक ताट वाढले तरी २९ मिलीग्रॅम लोह त्यात बसविणे अत्यंत कठीण जाते. आणि आपल्या राज्यातील स्त्रियांची मूळ स्थिती काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. वजन उतरविण्यास आलेली प्रत्येक दुसरी स्त्री पांडुरोगाच्या उंबरठ्यावर किंवा त्याच्या आत उभी आहे असे धरूनच चालावे आणि तिचे हिमोग्लोबिन पाहिल्याखेरीज तिचा आहार कमी करू नये.

तरीही पूरकाआधी ताट पाहावे. मनोरी, गोराई, उत्तन या किनाऱ्यावरील घरांचे उदाहरण घेतो. येथे वजन उतरविण्याचा निश्चय झाला की पहिली गदा मासळीवर येते, कारण 'मांसाहार वाढवितो' अशी समजूत. भात, पाव आणि गोड चहा मात्र चालू राहतात! हे नेमके उलटे आहे. अंगणात बांबूंवर वाळणाऱ्या बोंबलांकडे पाहा. ताज्या बोंबलात पाणीच फार. पण वाळल्यावर शंभर ग्रॅममागे साठ ग्रॅमच्या घरात प्रथिने त्यात असतात. कोणत्याही महागड्या डब्याशी हे प्रमाण बरोबरी करते. मांदेली काट्यासकट खाल्ली जाते, म्हणजे कॅल्शियम आपोआप पोटात जाते. जवळ्याचेही तसेच. खाडीच्या खडकांवरील कालवे जस्त आणि बी-१२ यांची खाणच आहेत, तिसऱ्याही त्यांत मागे नाहीत. सुक्या मासळीतील मीठ ही अडचण खरी, आणि रक्तदाब वा वृक्कविकार असलेल्या रुग्णास ती धुऊन, कमी प्रमाणात द्यावी किंवा टाळावी. खाडीच्या पाण्याची आजची अवस्था पाहता कच्ची कालवे तर कोणासही सांगू नयेत, नीट शिजवूनच. पण तळण टाळून केलेले मासळीचे कालवण, कुळथाचे पिठले, नाचणीची भाकरी आणि आवळा एवढ्यावर अनेक पूरकांची गरज मिटते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. ज्या घरात हे सारे उपलब्ध आहे, तेथील मुलाने हजारो रुपयांची प्रोटीन पावडर आणावी ही खेदाची गोष्ट आहे. त्या पावडरीच्या शुद्धतेविषयी म्हणाल तर २०२४ साली केरळच्या यकृततज्ज्ञांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या. जवळजवळ ७० टक्क्यांत प्रथिनांविषयीची डब्यावरची माहिती खरी नव्हती. राष्ट्रीय पोषण संस्थेनेही त्याच वर्षीच्या आहारविषयक मार्गदर्शनात प्रथिनांची पूरके टाळण्यास सांगितले.

मग पूरक कोणाला द्यावे? ज्याच्या ताटात विशिष्ट उणीव आहे आणि ती ताटाने भरून निघणार नाही, त्याला. मासळी-अंडी न खाणारा, दूध-दहीही बंद केलेला रुग्ण बी-१२ कोठून मिळविणार? वनस्पतिज आहारात ते जवळजवळ नसतेच. येथे शास्त्राभिमान बाजूला ठेवून बी-१२ द्यावे. मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्याचे बी-१२ घटते, ते तपासावे. ऑर्लिस्टॅट घेणाऱ्याच्या मलातून मेदासोबत अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वेही निघून जातात; त्याला ती द्यावी लागतात, आणि औषधाच्या वेळेपासून किमान दोन तासांचे अंतर ठेवून. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यास पूरके जन्मभर सोडता येत नाहीत. 'आता आयुर्वेद सुरू केला आहे, त्या गोळ्या बंद करा' असा सल्ला अशा रुग्णास देणारा वैद्य त्याचे नुकसान करतो. रक्तक्षय असलेल्या स्त्रीस लोह द्यावे, मग ते लोहभस्माच्या रूपाने असो वा गोळीच्या. मात्र दोन्ही एकदम नको, आणि चहासोबत तर नकोच.

एका नव्या वर्गाचा उल्लेख करावयास हवा. २०२५ च्या मार्चमध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजन घटविण्यासाठीचे सेमाग्लुटाइड, अशी आठवड्याला एक टोचावयाची औषधे भारतात आली. ती टोचून घेणारे रुग्ण आपल्याकडेही येतात, बहुधा मलावष्टंभ, मळमळ आणि थकव्यासाठी. त्यांची भूक इतकी मंद होते की दिवसाकाठी दोन घास भात आणि कपभर ताक यांवर ते राहतात. वजन झपाट्याने उतरते, पण त्यात मेदाबरोबर मांसधातूही उतरतो, आणि वेगाने उतरणाऱ्या वजनासोबत पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. अशा रुग्णास तुच्छतेने परत पाठवू नये. त्याला थोड्या घासांत अधिक प्रथिने कशी बसवावीत, मुगाचे कढण, अंडे, मासळी, दही यांची मांडणी कशी करावी, हे सांगणारा दुसरा कोणी नसतो. त्याच्या डॉक्टरांशी बोलून मल्टिव्हिटॅमिन चालू ठेवणे येथे योग्यच होय. दीपन-पाचनाची तीक्ष्ण औषधे मात्र जपून. जठर मंद केलेले आहे ते औषधाने, आमाने नव्हे.

महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पसरविलेली दोन वेळच्या जेवणाची पद्धत घरोघरी पोहोचली आहे. दिवसातून दोनच जेवणे, प्रत्येक पंचावन्न मिनिटांच्या आत. प्रकृतिभेद न पाहता सर्वांस एकच नियम, याविषयी आपल्यापैकी अनेकांचे मतभेद आहेत, लेखकाचेही आहेत. परंतु जीत कोणालाही डबा विकत घ्यावा लागत नाही ती पद्धत लोकांनी उचलून धरली, याची नोंद आपण घेतली पाहिजे. ती पाळणाऱ्यास एवढेच विचारावे की त्या दोन जेवणांत डाळ, उसळ, मासळी वा अंडे किती आहे. दोन्ही वेळा नुसता आमटी-भात असेल तर उणीव पडणारच.

'ड' जीवनसत्त्वाबद्दल औषधविक्रेत्या बंधूंना विनंती आहे. साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, ठराविक आठवडेच घ्यावयाची असते. ती रोज घेणारे, किंवा जुन्याच चिठ्ठीवर वर्षभर घेत राहिलेले रुग्ण आढळतात. हे जीवनसत्त्व शरीरात साठते. अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढून वृक्कांना अपाय होतो. पुडी देताना 'दर रविवारी, इतके आठवडे' असे पाकिटावर लिहून देण्यास अर्धे मिनिट लागते.

विक्रेत्यांसाठी आणखी थोडे. आयुर्वेदिक औषधाच्या किरकोळ विक्रीस परवाना लागत नाही, म्हणून पूरकांसही लागत नाही असा समज आहे. तो खरा नाही. पूरके कायद्याने अन्न आहेत, २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली येतात आणि त्यांच्या विक्रीसाठी त्या कायद्याखालील नोंदणी वा परवाना हवा. डब्यावर चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक असेल तर ते अन्न. आयुर्वेदिक उत्पादन परवान्याचा क्रमांक असेल तर ते औषध. २०२२ च्या नियमांनी 'आयुर्वेद आहार' हा तिसरा वर्ग आला आहे, ज्यात बाहेरून जीवनसत्त्वे, खनिजे वा अमिनो आम्ले घालता येत नाहीत. यांपैकी एकही क्रमांक नसलेला डबा, मग तो कितीही ओळखीच्या माणसाने आणून दिला असो, फळीवर ठेवू नये. अन्न म्हणून परवाना घेतलेल्या पूरकाच्या वेष्टनावर ते औषधी उपयोगासाठी नाही असे छापणे बंधनकारक आहे. ते वाक्य छापलेला डबा दाखवून 'याने चरबी झडते' असे गिऱ्हाईकास सांगणे म्हणजे वेष्टनास खोटे पाडणे होय. नफ्याचा प्रश्न लेखकास समजतो; चूर्णाच्या पुडीवर जे सुटते त्याच्या कितीतरी पट या डब्यावर सुटते आणि दुकानाचे भाडे चूर्णावर भागत नाही. पण मनोरीसारख्या गावात गिऱ्हाईक आणि रुग्ण एकच असतो, आणि त्याला कावीळ झाली तर तो खाडी ओलांडून मोठ्या रुग्णालयात जातो तेव्हा त्याच्या हातात आपल्याच दुकानाची पिशवी असते. तेथील डॉक्टर मग डब्याचे नाव लिहीत नाहीत, 'आयुर्वेदिक औषधाने' एवढेच लिहितात.

म्हणून नोंद ठेवणे हा या विषयातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. वजन उतरविणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर तो घेत असलेल्या सर्व पूरकांची नावे, घटक, बॅच क्रमांक व सुरू केल्याची तारीख लिहावी. अन्नद्वेष, काळसर लघवी, खाज, डोळ्यांचा पिवळेपणा यांपैकी काही दिसताच सर्व डबे, आपले काढेही, तत्काळ थांबवून यकृताच्या तपासण्या कराव्यात. संशयास्पद अपाय आयुष औषधदक्षता कार्यक्रमाकडे कळविता येतो. त्याचे राष्ट्रीय समन्वय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. कळविणे म्हणजे शास्त्राशी द्रोह अशी भावना काही ज्येष्ठांची आहे. आपण न कळविलेल्या घटना दुसरे कोणी तरी प्रसिद्ध करतेच, आणि तेव्हा द्रव्याची ओळख, मात्रा, अनुपान यांविषयी बोलण्यास आपल्याकडे कागद नसतो. गुळवेलीच्या वेळी नेमके हेच झाले.

संघटनेच्या आगामी त्रैमासिक सभेपुढे एक सूचना ठेवीत आहे. वजन उतरविणाऱ्या रुग्णांसाठी एक पानी समान नोंदपत्रक तयार करावे: उंची, वजन, कंबरेचा घेर, हिमोग्लोबिन, चालू औषधे, चालू पूरके, ताटातील प्रथिनांचा स्रोत, आणि प्रत्येक पूरकासमोर ते का दिले व केव्हा थांबवावयाचे यासाठी एक रकाना. वैद्य आणि औषधविक्रेता या दोघांच्याही सहीची जागा त्यावर असावी. सहा महिने ते दहा-बारा दवाखान्यांत वापरून पाहिले तर किती जणांना पूरकाची खरोखर गरज होती, याचा आपल्याच भागातील आकडा आपल्या हाती येईल. पत्रकाचा मसुदा लेखकाने सचिवांकडे दिला आहे. सदस्यांनी दुरुस्त्या लेखी कळवाव्यात.